रक्ताच्या कर्करोगाची ओळखखूण

“डॉक्टर, पोरगं आता खेळतंय, पोटभर जेवतंय. मग अजून दोन वर्षं औषधं कशाला?” रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचे पालक महिना-दोन महिन्यांतच हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतील मगजात शोधावे लागते.

रक्तातील बी-पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. जंतू अगणित आणि आपल्याजवळ जनुके जेमतेम वीस हजार! मग इतकी तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडे येतात कोठून? जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे हे कोडे उलगडले; १९८७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बी-पेशी मगजात वाढत असताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते. १४व्या गुणसूत्रावर एका प्रकारचे सुमारे ४०, दुसऱ्याचे २३ आणि तिसऱ्याचे ६ उपयोगी तुकडे असतात. प्रत्येकातला एकेक उचलायचा म्हटले तरी साडेपाच हजार जोड्या होतात. शिवाय सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही नवी भरतात. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईचा टाका वेगळा, तसा प्रत्येक पेशीचा सांधा वेगळा. तिच्या लेकी-नातींत मात्र तोच उतरतो.

ही कापाकापी जोखमीची. कात्रीचे काम करणारी विकरे कधी भलत्याच जागी कापतात. वाढीवर लगाम ठेवणारे जनुक तुटते. लहान मुलांच्या काही ल्युकेमियात अशा चुकीच्या कापांच्या खुणा सापडल्या आहेत. अशी पेशी अर्धवट वयातच अडकते आणि नुसती दुणावत राहते. रोगट पेशी मूळ एकीच्याच वंशातल्या, म्हणून बहुतेकींत सांधा एकच.

हीच खूण तपासात उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली मगज स्वच्छ दिसला तरी शरीरात कोट्यवधी रोगट पेशी दडलेल्या असू शकतात. सांध्याचा माग काढणारी चाचणी दहा हजारांत, कधी लाखात एक रोगट पेशीही हुडकते. आपल्याकडील मोठ्या केंद्रांत हेच काम बहुधा पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा यंत्राने तपासून करतात. उपचार किती कडक ठेवायचे, हे त्यावरून ठरते. चाचणीत काही सापडले नाही, तरी त्याहून कमी पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणूनच मूल हसतेखेळते झाले तरी औषधे दोन-अडीच वर्षे चालतात. मध्येच बंद केली, तर उरलेल्या मूठभर पेशी पुन्हा डोके वर काढतात आणि दुसऱ्या खेपेस रोग अधिक चिवट असतो.