कल्याणच्या तबकड्या, दूरचे क्वेसार

दोस्तांनो, बाळकुमच्या खाडीने वर वर गेलं की कल्याण लागतं. तिथेच १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप यांनी सहकाऱ्यांसह रेडिओ दुर्बीण उभारली, बरं का! ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, भेट मिळालेल्या ३२ तबकड्या, प्रत्येकी सहा फुटांची. त्या न्याहाळत सूर्य, पण स्वप्न होतं पार पलीकडचं! पुढे उटीला आणि मग नारायणगावजवळ खोडदला मोठ्या दुर्बिणी झाल्या. खोडदच्या ३० तबकड्यांनी २०१० ते २०१२ मध्ये जवळजवळ ९० टक्के आकाश पिंजून सहा लाखांवर रेडिओ ठिपके नोंदले.

यांत दूरचा क्वेसार ओळखायचा कसा? क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर. त्यात पडणारा वायू तापून झगमगतो. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून त्याचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन लाल होतो. मग निळ्या फिल्टरच्या छायाचित्रात तो गायब आणि अवरक्त छायाचित्रात हजर! असा लपंडाव खेळणारा ठिपका पकडायचा. पण थांबा, आपल्या आकाशगंगेतले थंड, लाल तारेही असंच चकवतात. म्हणून वर्णपट तपासल्याशिवाय खात्री नाही.

सर्वांत दूरच्या क्वेसारांचा प्रकाश सुमारे १३०० कोटी वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती!