एक टेस्ट, 20 वनडे आणि एक नडगी: सलील अंकोलाची गोष्ट

आजचा भाग खास फास्ट बॉलिंग टाकणाऱ्यांसाठी. कोरेगाव, रहिमतपूर, वाठार भागातली ज्यांची प्रत्येक सुट्टी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये जाते, त्यांनी तर शेवटपर्यंत ऐका.

सचिनची पहिली टेस्ट सगळ्यांना पाठ आहे. कराची, नोव्हेंबर 1989. त्याच मॅचमध्ये भारताकडून आणखी एकानं पदार्पण केलं होतं: सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला. महाराष्ट्राकडून पहिल्याच रणजी मॅचमध्ये हॅटट्रिक घेतलेला बॉलर. कराचीत त्याला 2 विकेट मिळाल्या. पण टेस्ट तेवढी एकच! पुढं 1997 पर्यंत 20 वनडे, 13 विकेट, 1996 च्या वर्ल्डकप संघातही जागा. आणि तिशी गाठायच्या आतच खेळ संपला. कारण होतं डाव्या नडगीच्या हाडातली गाठ.

या गाठीचं नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. नाव ऐकून घाबरू नका, हा कॅन्सर नाही. गाठ छोटीशी, बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान. पण दुखतं मात्र भयंकर, आणि जास्त करून रात्री. ती होते बहुतेक तरुण पोरांनाच.

आता नीट लक्ष द्या. ही गाठ बॉलिंगमुळं होत नाही. बॉलिंगच्या ताणानं होतं ते वेगळं: हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. बॉल सोडताना पुढच्या पायावर वजनाच्या कित्येक पट जोर येतो. पाचपट धरला तर 60 किलोच्या पोराच्या पायावर 300 किलो, आणि तेही प्रत्येक बॉलला! हे दुखणं पळताना वाढतं, विश्रांतीनं कमी होतं. गाठीचं दुखणं मात्र झोपेतून उठवतं. दोन्ही नडगीतच, पण उपचार वेगळे. वरून चोळून किंवा क्रेप बँडेज बांधून फरक कळत नाही. एक्स-रे, लागला तर सीटी स्कॅन, हाच मार्ग.

बेसबॉलवाले याबाबत कडक असतात. अमेरिकेत 15-16 वर्षांच्या पिचरनं दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल टाकावेत, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे, आणि नंतर सक्तीची विश्रांती. आपल्याकडं एका दिवसात तीन मॅच, तिन्हीत तोच बॉलर. मोजतंय कोण?

अंकोलानं पुढं 'कुरुक्षेत्र'सारख्या सिनेमांत आणि मालिकांत कामं केली, आणि 2023 मध्ये तो भारतीय संघाच्या निवड समितीत परत आला. म्हणजे क्रिकेट सुटलं, तरी नातं तुटलं नाही.

तर मित्रांनो, नडगी दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर गोळी खाऊन पुढची मॅच खेळू नका. गोळीनं दुखणं थांबतं, कारण तिथंच राहतं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. टीममधला जो बॉलर लंगडत रनअप घेतोय, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!