नवी आवृत्ती, जुन्या नोंदी

पूर्वी कार्यालयातील सारी माहिती जाडजूड नोंदवह्यांत असे. एका वेळी एकच लिपिक वही उघडून बसे. दुसऱ्याला नोंद पाहायची असल्यास थांबावे लागे. १९७० साली आय.बी.एम. या कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती सारण्यांच्या रूपात मांडण्याची आणि त्या सारण्या परस्परांशी जोडण्याची पद्धत सुचवली. या विचारातून पुढे अनेक डेटाबेस, म्हणजे माहितीसाठे, उभे राहिले. आता कार्यालयातील अनेक कर्मचारी एकच माहितीसाठा एकाच वेळी वापरू शकतात. वहीला मात्र कधी नवी आवृत्ती बसवावी लागत नव्हती. सॉफ्टवेअरला ती बसवावी लागते, आणि कधी कधी अडचणीची सुरुवात तेथूनच होते.

एखाद्या लहान पतसंस्थेची कल्पना करावी. शनिवारी सायंकाळी संगणकांवर नवी आवृत्ती बसवली गेली. सोमवारी सकाळी खिडकीपाशी खातेदारांची रांग लागली आणि लिपिकाच्या पडद्यावर अनोळखी संदेश उमटला. कोणाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत, कोणाला रुग्णालयात भरायचे आहेत. अशा वेळी घाई होणे स्वाभाविक आहे. परंतु घाईत केलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षा अधिक हानी करू शकते.

माहितीसाठ्याची रचना

लहान कार्यालयांत वापरला जाणारा एक परिचित डेटाबेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस. तो १९९२ साली प्रथम बाजारात आला. सामाईक वापरासाठी त्याचे दोन भाग करणे हिताचे असते. नोंदींच्या सारण्या असलेली फाइल मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवतात. माहिती भरण्याचे तक्ते, अहवाल आणि आज्ञावली असलेली दुसरी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्रपणे ठेवतात. दुसऱ्या फाइलमध्ये पहिल्या फाइलचा पत्ता नोंदवलेला असतो. सर्व्हर बदलला किंवा फोल्डरचे नाव बदलले, की हा पत्ता चुकतो. त्या वेळी नोंदी हरवल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या जागच्या जागी असतात आणि केवळ वाट तुटलेली असते.

सामाईक फाइल कोणीतरी उघडताच तिच्या शेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार होते. कोण काम करीत आहे आणि कोणती नोंद अडवलेली आहे, याचा हिशेब तिच्या साहाय्याने ठेवला जातो. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की ती फाइल एरवी आपोआप नाहीशी होते. म्हणून कर्मचाऱ्यांना त्या फोल्डरमध्ये केवळ वाचण्याची परवानगी पुरत नाही. लिहिण्याची, नवी फाइल तयार करण्याची आणि पुसण्याचीही परवानगी लागते. सर्व्हर बदलताना ही परवानगी द्यायची राहिली, तर सामाईक कामात अडथळा येतो.

प्रथम प्रत, मग दुरुस्ती

दोष आढळताच सर्वांनी माहितीसाठा बंद करावा आणि मूळ फाइलची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ॲक्सेसमध्ये फाइल आटोपशीर करून दुरुस्त करण्याची सोय आहे. तीही प्रत घेतल्यावाचून वापरू नये. त्यानंतर पडद्यावरील संदेश, त्यातील क्रमांकासह, जसाच्या तसा लिहून घ्यावा. ‘संगणक चालत नाही’ या तक्रारीवरून काहीच शोधता येत नाही.

मग काही साधे प्रश्न विचारावेत. दोष सर्वांना जाणवतो की एकालाच? सर्वांना जाणवत असेल, तर सामाईक फाइल, सर्व्हर किंवा सर्वांना मिळालेली नवी आवृत्ती तपासावी. एकालाच जाणवत असेल, तर त्याच्या संगणकाकडे वळावे. प्रत्येक कामात अडचण येते की एखाद्याच अहवालात? शेवटचे सुरळीत काम केव्हा झाले आणि त्यानंतर नेमके काय बदलले? या उत्तरांनी शोधाचे क्षेत्र लहान होते. पुढे एका वेळी एकच बदल करून पाहावा व तो लिहून ठेवावा. एकदम चार बदल केले आणि काम सुरू झाले, तर कोणत्या बदलाने ते सुरू झाले हे कधीच कळत नाही.

नव्या आवृत्तीत काय बदलते?

आवृत्ती बदलताना फाइलचा साचा बदलू शकतो. ॲक्सेसच्या २००७ च्या आवृत्तीने नवा साचा आणला. ती आवृत्ती जुन्या साच्यातील अनेक फाइली उघडू शकते, परंतु जुन्या आवृत्तीला नव्या साच्याची फाइल उघडता येत नाही. म्हणून कार्यालयात काही संगणक नवे आणि काही जुने असतील, तर सामाईक फाइलचे रूपांतर घाईने करू नये. २०१३ च्या आवृत्तीला तर १९९७ च्या साच्यातील फाइल उघडताच येत नाही; ती आधी मधल्या आवृत्तीत रूपांतरित करावी लागते.

आणखी एक दोष अधिक फसवा असतो. आज्ञावली अनेकदा बाहेरच्या सहायक संचांवर अवलंबून असते. नवी आवृत्ती बसवताना त्यांपैकी एखादा संच नाहीसा झाला, तर आजची तारीख देण्यासारखी अगदी साधी आज्ञाही चालेनाशी होते. त्या आज्ञेचा हरवलेल्या संचाशी काही संबंध नसतो. दोष दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्याच ठिकाणी.

संदेश आणि सत्य

याचे एक बोलके उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये घडले. त्या महिन्याच्या १२ तारखेला मायक्रोसॉफ्टने ऑफिस या सॉफ्टवेअरसाठी सुरक्षेची सुधारणा प्रसृत केली. त्यानंतर ॲक्सेसमध्ये नोंदी बदलणाऱ्या काही आज्ञा बंद पडल्या आणि आज्ञा बिघडल्याचा संदेश ३३४० या क्रमांकासह येऊ लागला. वास्तविक आज्ञा बिघडल्या नव्हत्या आणि नोंदीही शाबूत होत्या. दोष त्या सुधारणेतच होता. पुढे कंपनीने दुरुस्ती पुरवली. तोपर्यंत मूळ सारणीऐवजी तिच्यावर आधारित साधी निवड-आज्ञा वापरून काम भागवता येत होते. केवळ संदेशावर विश्वास ठेवून निरोगी फाइलची ‘दुरुस्ती’ करीत बसणे येथे व्यर्थ ठरले असते. ‘काल काय बदलले?’ हा प्रश्नच योग्य दिशा दाखवणारा होता.

अशी वेळ येऊ नये म्हणून नवी आवृत्ती प्रथम एकाच संगणकावर बसवावी आणि माहितीसाठ्याच्या प्रतीवर रोजची सर्व कामे करून पाहावीत. सुट्टीपूर्वी घेतलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हेही तपासावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. सारणीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो: कोणाची बचत, कोणाचे कर्ज, कोणाचे निवृत्तिवेतन. त्या ओळीची काळजी घेणे म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाची काळजी घेणे होय.