क्वांट व्हायचंय? मग आधी गणित बघा, डिग्रीचं नाव नंतर

दिवाळीच्या सुमारास चारठाण्यात एकच चर्चा असते: सोयाबीन आत्ताच विकायचं की घरात ठेवायचं? भाव चढला तर फायदा, पडला तर घाटा. समजा, तीन महिन्यांनी ठरलेल्या भावानं विकायचा हक्क आज विकत घ्यायचाय. त्याचे किती पैसे मोजायचे? हा हिशेब करणारा तो क्वांट. (सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, ती गोष्ट वेगळी.) अशा हक्काची, म्हणजे ऑप्शनची, किंमत काढायचं सूत्र ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडलं. तेव्हापासून बँकांना गणितवाले जास्तच लागायला लागले.

क्वांट म्हणजे टिप्स देणारा नव्हे. सेबीच्या २०२४ च्या अहवालात तीन वर्षांत एफ अँड ओ खेळणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांचे पैसे बुडालेत. 'अल्गो ट्रेडिंग शिका' म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी हा आकडा आठवा.

आता खरा प्रश्न. जिंतूर-परभणीकडं बीएस्सी करतोय, पुढं 'फायनान्शियल इंजिनिअरिंग'ची परदेशी डिग्री घ्यावी का? अमेरिकेत खर्च ५० लाखांच्या पुढं सहज जातो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घरच्यांची झोप उडणार. कोर्स जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा, आणि नोकरीची धावपळ पहिल्याच सेमिस्टरला सुरू. प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर तिथं शिकून घ्यायला वेळच नाही. हप्ता मात्र थांबत नाही.

माझं मत विचाराल तर आधी इथंच गणित किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करा. राजीव करंदीकर यांचं उदाहरण बघा. इंदूरच्या होळकर कॉलेजातून बीएस्सी, मग कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून एम.स्टॅट. आणि पीएचडी. पुढं गोपीनाथ कल्याणपूर यांच्यासोबत त्यांनी ऑप्शनच्या किमतींवर पुस्तक लिहिलं, ते २००० मध्ये आलं. त्यांच्या एकाही डिग्रीत 'फायनान्स' हा शब्द नाही!

आयएसआयमध्ये एम.स्टॅट.ला विद्यावेतन मिळतं, पण प्रवेश परीक्षा भलतीच अवघड. दुसरा रस्ता आयआयटीच्या 'जॅम'चा. त्यात गणित आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स असे वेगळे पेपर आहेत; आयआयटी मुंबईचा स्टॅटिस्टिक्सचा एमएस्सी यातलाच. पेपर फक्त इंग्रजीत, त्यामुळं मराठी मीडियमवाल्यांनी इंग्रजीतल्या व्याख्या आधीपासून वाचाव्यात. दोन्हीकडं नाही जमलं तर पुणे विद्यापीठ किंवा आपलं नांदेड आहेच. तिथं कॅम्पसला मोठ्या फंडांची रांग लागत नाही, हे खरंय. म्हणून पायथन, सी प्लस प्लस आणि स्वतः केलेला एखादा प्रोजेक्ट हाताशी हवा. त्या जोरावर आधी बँकेच्या रिस्क विभागात शिरता येतं. परदेश तेव्हाही आहेच, आणि तोवर स्वतःचा पगार सुरू झालेला असतो.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. सेकंड इयरचं प्रोबॅबिलिटीचं पुस्तक ज्युनिअरला देऊन टाकलं असेल, तर ते आधी परत मागा.