शोधनिबंध हवा आहे, पण विनामूल्य!

घरातील एखाद्या व्यक्तीला दुर्मीळ आजार झाल्याचे निदान झाले, की आजचा सुशिक्षित माणूस प्रथम संगणकासमोर बसतो. आजाराचे नाव टाकताच शेकडो शोधनिबंध समोर येतात. शीर्षक वाचता येते, दहा-बारा ओळींचा गोषवाराही वाचता येतो. पुढे मात्र तीस-चाळीस डॉलर भरण्याची सूचना झळकते. एका निबंधासाठी सुमारे तीन हजार रुपये! बहुतेक जण इथूनच माघारी फिरतात. वास्तविक त्यांपैकी कितीतरी निबंध अन्यत्र विनामूल्य आणि तेही कायदेशीररीत्या उपलब्ध असतात.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पर्ग यांनी १९९१ मध्ये ‘अर्काइव्ह’ हे संग्रहस्थळ सुरू केले, तेव्हापासून संशोधक आपले लेख तेथे सर्वांसाठी खुले ठेवू लागले. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या प्रथेला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हे नाव रूढ करून दिले. त्याचे मुख्य मार्ग दोन. एकात नियतकालिकच सर्वांना खुले असते. दुसऱ्यात नियतकालिक सशुल्क असले तरी लेखक आपल्या स्वीकृत लेखाची प्रत विद्यापीठाच्या वा विषयाच्या संग्रहात ठेवतो. शोध घेणाऱ्याने हा दुसरा मार्ग विशेष ध्यानात ठेवावा, कारण प्रकाशकाच्या पानावर त्याचा उल्लेख बहुधा नसतोच.

वैद्यकीय विषयासाठी ‘पबमेड’कडे वळावे. येथे अनेकांची गल्लत होते. पबमेड ही प्रामुख्याने गोषवाऱ्यांची सूची आहे. संपूर्ण लेख विनामूल्य देणारे भांडार म्हणजे २००० मध्ये सुरू झालेले ‘पबमेड सेंट्रल’. पबमेडवर शोध घेतल्यावर डाव्या बाजूस ‘फ्री फुल टेक्स्ट’ हा पर्याय निवडला, की केवळ विनामूल्य लेख उरतात. मात्र हा पर्याय आरंभीच निवडू नये. आधी संपूर्ण यादी पाहावी, महत्त्वाचे निबंध टिपून ठेवावेत आणि मग त्यांच्या खुल्या प्रती शोधाव्यात. अन्यथा जे फुकट तेच उत्तम, असा समज होऊन बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून झालेल्या संशोधनाला पूर्वी बारा महिन्यांपर्यंत थांबण्याची सवलत होती. जुलै २०२५ पासून स्वीकृत झालेले लेख प्रकाशनाबरोबरच खुले करणे बंधनकारक आहे.

अन्य विषयांसाठी ‘गुगल स्कॉलर’ सोयीचे. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकावे. उजवीकडे पीडीएफचा दुवा दिसला तर उत्तमच. न दिसल्यास निबंधाखालील ‘ऑल व्हर्जन्स’वर टिचकी मारावी. लेखकाने ठेवलेली प्रत अनेकदा तेथेच सापडते. ‘अनपेवॉल’ हे छोटे पूरक साधन ब्राउझरला जोडल्यास हा खटाटोपही वाचतो: प्रकाशकाच्या पानावर हिरवे कुलूप उमटले, की खुली प्रत अस्तित्वात आहे असे समजावे. अशा प्रतीची पृष्ठसंख्या छापील लेखाशी जुळतेच असे नाही, हे संदर्भ देणाऱ्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आपल्याकडेही या बाबतीत दारिद्र्य नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सर्वांना खुले आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’त देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध वाचता येतात. मराठी साहित्यावरील प्रबंध तर दुसरीकडे क्वचितच मिळतील. भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ ‘जेस्टोर’वर आहेत आणि तेथे विनामूल्य नोंदणी केल्यास ठरावीक संख्येने लेख वाचता येतात.

केंद्र सरकारने ६ हजार कोटी रुपयांची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू केली. सुमारे तेरा हजार नियतकालिके तीत आहेत. परंतु तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्थांतील मंडळींना मिळतो. घरी बसलेला रुग्णाचा नातेवाईक, खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर वा स्वतंत्र अभ्यासक यांना दार बंदच आहे. करदात्यांच्या पैशातून झालेल्या खर्चाबाबत हे खटकते.

खुला लेख म्हणजे विश्वासार्ह लेख, असे मात्र नव्हे. ‘मेडअर्काइव्ह’सारख्या स्थळांवरील लेख तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीचे असतात, त्यामुळे औषधोपचाराचा निर्णय त्यांवर बेतू नये. लेखकाकडून पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही बोकाळली आहेत. नाव अपरिचित असल्यास स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डीओएजे’ या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत ते आहे का, हे पाहावे.

इतके करूनही निबंध मिळालाच नाही, तर गोषवाऱ्यासोबत दिलेल्या ई-मेल पत्त्यावर लेखकालाच दोन ओळी लिहाव्यात. आपण कोण, निबंध कशासाठी हवा, एवढे पुरे. आपला लेख कोणी वाचू इच्छितो याचे संशोधकांना अप्रूप असते आणि प्रत बरेचदा एक-दोन दिवसांतच येते.