असिमॉव्ह की नारळीकर? मॅच पाचगणीत!

वैशाली की रूपाली, किशोर की रफी, सचिन की लारा... असल्या वादांना आपल्याकडे मुहूर्त लागत नाही. पण सायन्स फिक्शनच्या नादी लागलेली चार टाळकी एकत्र आली, की हे सगळे वाद मिळमिळीत वाटायला लागतात. असिमॉव्ह की क्लार्क? व्हर्न की वेल्स? आणि घरचा विषय निघाला, तर नारळीकर की लक्ष्मण लोंढे? त्यात समोर पाचगणीचं टेबल लँड, हातात तिखटमीठ लावलेलं मक्याचं कणीस आणि सोमवारपर्यंत बॉसचा फोन नाही. मग काय, होऊन जाऊ दे!

आमचा कंपू चौघांचा. एक बँकवाला, एक वकील, एक सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली आणि अस्मादिक. थंडीत एक वीकएंड काढायचा, वाईत नाश्ता करायचा, पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीत पोचल्यावर भांडायचं, हा ठरलेला प्रोग्रॅम. एरवी हे भांडण शुद्ध टाइमपास. यंदा मात्र त्याला धार होती. टेस्टिंगवालीच्या टीममध्ये अकरा जण. त्यांचं बरंचसं काम आता एआय करतो, त्यामुळे टीम चारांवर येणार. त्या चारांत आपण आहोत की नाही, हे तिला महिन्याभरात कळणार होतं. अशा माणसासमोर रोबोंच्या गोष्टी काढायच्या म्हणजे जरा जपूनच!

कुणाचा अंदाज खरा?

सुरुवात वकिलानं केली. त्याची मोजपट्टी सोपी. ज्याचा अंदाज खरा ठरला, तो लेखक मोठा.

ही पट्टी जुनी आहे. ज्यूल व्हर्ननं १८६५च्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे पाठवलं. एच. जी. वेल्सनं १९०१मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच कल्पनेतून काढला आणि त्याच्या जोरावर आपली माणसं थेट चंद्रावर उतरवली. व्हर्नसाहेब यावर नाराज. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ मनाचं काहीही रचतो, असा त्यांचा सूर होता. गंमत म्हणजे, तोफेच्या त्या धक्क्यात व्हर्नच्या प्रवाशांचा जागच्या जागी लगदा झाला असता! तरी दोघंही आजवर वाचले जातात. मराठीत तर व्हर्न आपल्याला भेटला, तो फास्टर फेणेच्या भा. रा. भागवतांमुळे.

“मग क्लार्क घे ना,” वकील हटेना. ऑर्थर क्लार्कनं १९४५मध्येच लिहून ठेवलं होतं, की सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवले, तर ते पृथ्वीबरोबर फिरतील आणि जगभर संदेश पोचवतील. आपल्या गच्चीवरची डिश त्याच तत्त्वावर चालते. शिवाय माणूस १९५६पासून २००८मध्ये जाईपर्यंत श्रीलंकेत राहिला. म्हणजे जवळपास शेजारीच.

“पण ती गोष्ट होती कुठे? तो तर तांत्रिक मासिकातला लेख होता!” बँकवाल्यानं त्रिफळा उडवला. अंदाजच हवा असेल तर रिपोर्ट वाचावा, कादंबरी कशाला? त्याचा देव रे ब्रॅडबरी. ‘फॅरनहाइट ४५१’ या १९५३च्या कादंबरीत पुस्तकं जाळणारं खातं आहे. कानात सतत कुजबुजणारी यंत्रं आणि भिंतीएवढे टीव्हीही आहेत. पण बँकवाल्याच्या मते खरी चपराक वेगळीच आहे. तिथे लोकांनी वाचणं आधी सोडलं. जाळपोळ नंतर आली.

घरचं मैदान

पाचगणीहून महाबळेश्वरच्या वाटेवर जरा आत वळलं, की भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७पासून पुस्तकांचंही गाव. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमात सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली गेली. कुणाच्याही ओसरीवर बसा, हवं ते काढा, फुकट वाचा. आमची दुसरी फेरी अर्थातच तिथे रंगली.

विषय, जयंत नारळीकर. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कोण हे जगताप? जयंत विष्णु नारळीकर ही आद्याक्षरं उलटी वाचा, उत्तर मिळेल! तोवर जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा नावावर नव्हे, गुणावर जोखली जायला हवी होती. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हेही ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी विज्ञान कादंबरी लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ. म्हणजे वारसाच तसा.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पण म्हणून वकील गप्प बसतोय थोडाच? “त्यांची पात्रं फळ्यासमोर उभी राहून बोलतात रे. लोंढ्यांची माणसं बघ. ‘दुसरा आइनस्टाइन’मध्ये मेंदू जिवंत ठेवण्याची गोष्ट आहे, पण आपल्याला कळवळा येतो तो माणसाचा.”

मुद्द्यात दम आहे. विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं हा नारळीकरांचा उघड हेतू होता, आणि कधीकधी तो कथेच्या पुढे धावतो. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचा. इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेत. ते काय करतात? सरळ ग्रंथालय गाठतात आणि गाडी नेमकी कुठे रूळ बदलली ते शोधतात! यापेक्षा अस्सल पुणेरी प्रोफेसर मराठीत दाखवा. हीच कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली.

सामना रोबोंचा

आता टेस्टिंगवालीनं तोंड उघडलं. तिचा माणूस असिमॉव्ह. त्याचे तीन नियम पहिल्यांदा पूर्ण मांडले गेले १९४२च्या ‘रनअराउंड’ कथेत. रोबोनं माणसाला इजा करायची नाही, त्याचा हुकूम पाळायचा, आणि या दोन्हींत बसेल तेवढाच स्वतःचा जीव सांभाळायचा. कथेत मात्र बुध ग्रहावरचा स्पीडी नावाचा रोबो नुसता गोल गोल फिरत राहतो. कारण हुकूम दिलाय सहज, आणि जीव सांभाळायची सूचना आहे कडक. दोन्हींचं पारडं सारखं. “अरे, हा तर चक्क बग रिपोर्ट आहे!” इति टेस्टिंगवाली.

समोर नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. एका प्राचीन, प्रगत संस्कृतीनं मागे ठेवलेल्या ज्ञानातून यंत्रमानव वामन घडतो, आणि त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवेत. म्हणजे एकाचा प्रश्न, आपले नियम पुरतील का? दुसऱ्याचा, यंत्रालाच काही हवंसं वाटलं तर?

ती म्हणाली, “दोन्ही प्रश्न माझे नाहीत. यंत्र शहाण्यासारखं वागलं, सगळे नियम पाळले, कुणाला ओरखडा नाही काढला, आणि तरी माझी खुर्ची गेली, तर? ती इजा धरायची की नाही?”

ओसरीवर एकदम शांतता.

हा प्रश्न असिमॉव्हनं सोडलेला नाही. १९५४च्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मध्ये पोलिस खात्यातल्या एका पोऱ्याचं काम आर. सॅमी नावाच्या रोबोला मिळतं. पोरगा बाहेर. डिटेक्टिव्ह बेलीला रोबोंचा राग आहे, तो ते जग जिंकतील म्हणून नाही, अशा नोकऱ्या गेल्यात म्हणून. उद्या आपणही त्याच रांगेत, ही त्याची भीती. आणि त्याच बेलीच्या जोडीला रोबो पार्टनर दिलाय! मी एवढं सांगितलं, तिनं मोबाइलमध्ये नाव टिपून घेतलं. वाद तिथेच संपला. मोठा लेखक कोण, हे ठरलं नाही. पण पट्टी बदलली. अंदाज कुणाचा खरा ठरला, यापेक्षा तुमचा आजचा प्रश्न कुणी आधी विचारून ठेवलाय, ते बघायचं.

तुम्ही कुठून सुरू कराल?

* ऑफिसच्या नियमांनी डोकं उठलंय? असिमॉव्हचं ‘आय, रोबॉट’. छोट्या कथा, लोकलच्या प्रवासात एकेक होते.
* नुसतं थक्क व्हायचंय? क्लार्कचं ‘रांदेव्हू विथ रामा’.
* इतिहासप्रेमी बाबांशी गप्पा मारायच्यात? ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ त्यांच्या हातात द्या आणि मजा बघा.
* देशभरची चव एकाच ताटात हवी? बाळ फोंडके यांनी संपादित केलेलं ‘इट हॅपन्ड टुमॉरो’, नॅशनल बुक ट्रस्ट, १९९३.
* खिसा रिकामा, वीकएंड मोकळा? भिलार! स्ट्रॉबेरीचे तेवढे पैसे पडतील.