कारंज्याची रेल्वे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशिम जिल्ह्यातील रेल्वेचा विषय निघाला म्हणजे, इंग्रज सरकारने प्रथम जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी आणली आणि कारंज्याची ‘शकुंतला’ ही गाडी मागाहून आली, असे चांगली सुशिक्षित मंडळीही सांगतात. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. वाशिम 1905 पर्यंत वऱ्हाडातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे सदर ठिकाण होते, तेथे डेप्युटी कमिशनरची कचेरी होती, तरीही 1867 मध्ये नागपुरास पोहोचलेली जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे उत्तरेकडून अकोल्यावरूनच निघून गेली. आणि दक्षिणेकडून निजामाच्या मुलखातील मीटरगेज गाडी 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आली, तरी हद्दीपलीकडच्या वाशिमला रूळ दिसले ते स्वातंत्र्यानंतर, हिंगोली-अकोला-खांडवा हा दुवा जोडला गेला तेव्हा.

कारंज्याला कलेक्टर नव्हता, पण कापसाची पेठ होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मूर्तिजापूर ते यवतमाळ हा 113 किलोमीटरांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग कारंज्यावरून गेला. कारंजा हे दत्तावतार मानलेल्या नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असल्यामुळे, यात्रेकरूंच्या सोयीसाठी तो घातला गेला, ही समजूत भाविकतेला शोभणारी असली तरी व्यापारी कंपन्या पुण्यसंचयासाठी रूळ टाकीत नसत. कापसाच्या गाठी मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढवून मुंबई बंदरावर, आणि तेथून परदेशी गिरण्यांकडे धाडणे, हा या मार्गाचा मूळ हेतू होता.

सर्वांत चिवट समज मालकीचा. ‘ही गाडी अजून इंग्रजांची आहे आणि आपले सरकार त्यांना दरसाल खंडणी भरते,’ हे वाक्य वृत्तपत्रांनी इतक्या वेळा छापले, की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. मार्ग खाजगी होता, एवढे त्यात खरे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो बांधला आणि तिचा कारभार 1857 पासून मुंबईत व्यापार करणाऱ्या किलिक निक्सन या पेढीकडे होता. परंतु गाड्या चालवण्याचे काम करारान्वये जी. आय. पी. कडे असे आणि उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा कंपनीस मिळे. 1951 मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली तेव्हा जुन्या रेल्वेबरोबर हा करारही तिच्या पदरी पडला. किलिक निक्सन ही पेढी मात्र स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकीची झाली. तेव्हा जो पैसा गेला तो कराराचा मोबदला होता, आणि तो घेणारे राणीचे दरबारी नव्हते; ‘खंडणी’ म्हटल्याने देशाभिमान जागा होतो, हिशेब मात्र चुकतो.

राहता राहिली वाफेच्या इंजिनाची हळवी आठवण. 1921 साली मँचेस्टरमध्ये घडवलेले इंजिन या मार्गावर दीर्घकाळ राबले खरे. पण शकुंतला अखेरपर्यंत वाफेवर चालली असे नव्हे. 15 एप्रिल 1994 रोजी ते इंजिन निवृत्त झाले आणि गाडी बंद पडेपर्यंतची पुढची सारी वर्षे कारंज्याच्या उतारूंनी डिझेलच्याच धुरात प्रवास केला.